वाचक विचारतात : शेंगांची टरफलं, उसाची चिपाडं आणि पाण्यातले जड धातू

मागच्या अंकात शेतातला टाकाऊ माल पाण्यातले जड धातू कसे पकडतो, यावर एक छोटे टिपण छापले होते. त्यातले सूत्र एवढेच होते : भुईमुगाच्या शेंगांचे टरफल, उसाचे चिपाड, भाताचे तूस यांत सेल्युलोज आणि लिग्निन असते. त्यांच्यावरच्या आम्लधर्मी गटांना शिसे, तांबे, निकेल, जस्त, कॅडमियम यांचे धनभारित आयन चिकटतात आणि त्यांच्या बदल्यात हायड्रोजन किंवा कॅल्शियम पाण्यात सुटते. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी या भागांतून बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : उद्यमबागेत माझा निकेल-क्रोम प्लेटिंगचा छोटा कारखाना आहे. रोज साधारण 500 लिटर धुण्याचे पाणी निघते. रसायनांचा खर्च परवडेना झालाय. शेंगांची टरफलं आमच्याकडे पोत्यांनी मिळतात. सगळे पाणी सरळ टरफलाच्या पिंपातून सोडले तर भागेल का? — एक कारखानदार, बेळगाव

नाही भागणार. आधी हिशेब मांडू. समजा, तुमच्या पाण्यात लिटरला 60 मिलिग्रॅम निकेल आहे. 500 लिटरमागे रोजचे 30 ग्रॅम झाले. 200 लिटरच्या निळ्या पिंपात अर्धा मीटर उंचीचा थर भरला, तर दळलेले टरफल 125 लिटर, म्हणजे वजनाने 30 किलोच्या आसपास बसते. प्रयोगशाळेतल्या निबंधांत ‘ग्रॅमला 10 ते 20 मिलिग्रॅम धातू धरला’ असे आकडे दिसतात; पण ते दाट द्रावणातले आणि शुद्ध पाण्यातले असतात. तुमच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम हेही त्याच जागांसाठी भांडणार. शिवाय पिंपातून बाहेर पडणारे पाणी मर्यादेत राहायला हवे, म्हणजे थर पूर्ण भरेपर्यंत थांबता येत नाही. म्हणून ग्रॅमला 1 मिलिग्रॅम एवढीच ताकद धरावी. 30 किलो टरफल म्हणजे 30 ग्रॅम निकेल. पिंप एका दिवसात संपले! महिन्याचे 26 दिवस धरले तरी पावणेआठशे किलो निकेल लागलेला भुसा तुमच्या शेडमागे साठेल, आणि कायद्याने तो घातक कचरा आहे.

मोठा वाटा चुन्यानेच काढायचा. चुना स्वस्त आहे आणि त्याचा गाळ आकाराने कमी भरतो. टरफलाचे काम त्यानंतरचे : चुन्याने जे थोडे मागे राहते ते टिपून घेण्याचे. त्याच पाण्यात चुन्यानंतर लिटरला 3 मिलिग्रॅम निकेल उरले, तर रोजचा भार दीड ग्रॅम होतो आणि तेच पिंप 20 दिवस चालते. एक दिवस आणि वीस दिवस यांतला फरक टरफलाच्या जातीचा नाही, त्याला कुठे बसवले याचा आहे.

आता क्रम. सगळ्यात आधी निकेलचे आणि क्रोमचे धुण्याचे पाणी वेगवेगळ्या टाक्यांत घ्या. तांब्याचा किंवा जस्ताचा सायनाइड बाथ (मुलामा देण्याचे द्रावण) असेल, तर त्याचे पाणी पूर्ण वेगळे ठेवा. ते चुकून आम्लाच्या टाकीत गेले, तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागेवर दगावू शकतो. त्याच्यावर आधी अल्कधर्मी पाण्यात हायपोक्लोराइटची प्रक्रिया करावी लागते. टरफल-चुन्याचा इथे काही संबंध नाही.

क्रोमचे पाणी. हेक्झा क्रोम (सहा संयुजेचा क्रोमियम) हा ऋणभारित असतो, म्हणून चुन्याने खाली बसत नाही आणि सहाच्या आसपासच्या सामूला (पीएचला) टरफलालाही नीट चिकटत नाही. त्याला आधी तीन संयुजेवर आणायचे. सल्फ्युरिक आम्लाने सामू 2.5 पर्यंत उतरवा आणि सोडियम मेटाबायसल्फाइट घाला. गणिताने 1 ग्रॅम हेक्झा क्रोमला 2.75 ग्रॅम पुरते. प्रत्यक्षात 4 ते 5 ग्रॅम धरा, कारण हवेतला ऑक्सिजनही ते खातो. म्हणजे 500 लिटरमध्ये लिटरला 20 मिलिग्रॅम हेक्झा क्रोम असेल, तर एकूण 10 ग्रॅम क्रोम आणि 40 ते 50 ग्रॅम मेटाबायसल्फाइट. अर्धा तास ढवळा. या वेळी गंधकाचा झोंबणारा वायू सुटतो, तेव्हा शेडची दारे उघडी हवीत आणि पंखा चालू हवा. काम झाले का, ते रंगावरून ठरवू नका. इतक्या कमी प्रमाणात पिवळेपणा धड दिसत नाही. डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब टाकून बघा. जांभळट-लाल रंग आला, तर हेक्झा क्रोम अजून शिल्लक आहे.

नंतर विरवलेल्या चुन्याचे पाणी घालत सामू 8.5 वर आणा. क्रोम हायड्रॉक्साइडचा हिरवट गाळ बसतो. सामू 10 च्या पुढे गेला, तर तोच गाळ थोडा परत विरघळायला लागतो. निकेलला मात्र 10 च्या आसपासच सामू लागतो. दोन्ही पाणी एकत्र केलेल्या कारखान्यांत घोळ होतो तो इथेच : क्रोम बसवावा तर निकेल मागे राहते, निकेल बसवावे तर क्रोम सुटू लागतो. रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी वाळूतून गाळा, थोडे आम्ल घालून सामू 6 वर आणा आणि मग टरफलाच्या पिंपात सोडा. सामू 4 च्या खाली गेला, तर हायड्रोजन आयनच जागा अडवतात आणि धातू वाहून जातो. 8 च्या वर ठेवला, तर धातू टरफलावर न धरता थरात गाळ होऊन बसतो. त्या दिवशी पाणी छान निघते. पुढे थोडे आम्लाचे पाणी आले की तो सगळा गाळ एकदम बाहेर पडतो.

पिंपे दोन, एकामागे एक. पाणी तळातून वर चढवा, मिनिटाला 4 लिटरच्या आत. एवढ्या वेगात ते थरात अर्धा तास राहते. पहिल्या पिंपातून येणाऱ्या पाण्याची दर आठवड्याला तपासणी करा. त्यात निकेल वाढले, की पहिले रिकामे करून नव्याने भरा आणि ते दुसऱ्याच्या मागे जोडा. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याच्या केंद्रीय मर्यादा लिटरला अशा : निकेल 3, एकूण क्रोमियम 2, हेक्झा क्रोम 0.1 मिलिग्रॅम, सामू 5.5 ते 9. तुमच्या परवान्यात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने यापेक्षा कडक आकडा घातला असेल, तर तोच धरा. ईटीपीत (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत) असा बदल करण्याआधी मंडळाला कळवावेही लागते.

खर्चाचा मुद्दा खरा असेल, तर टरफलाआधी रॅककडे (मुलाम्याच्या वस्तू टांगायच्या चौकटीकडे) बघा. बाथमधून रॅक काढल्यावर वीस-तीस सेकंद तिथेच निथळू दिला आणि पहिली धुण्याची टाकी साठवणीची ठेवून तिचे पाणी बाथमध्येच परत घातले, तर नाल्यात जाणारे निकेल तिथेच घटते. ते निकेल तुम्ही पैसे मोजून आणलेले असते. आणि इलेक्ट्रोलेस (विजेशिवाय मुलामा देण्याचे) निकेल करत असाल, तर त्यातले सायट्रेट, अमोनिया यांनी निकेलला घट्ट धरलेले असते. ते चुन्यालाही दाद देत नाही आणि टरफलालाही.

प्रश्न : टरफल, चिपाड, तूस यांपैकी काय घ्यावे? दळण्यापासून भरण्यापर्यंत कृती सविस्तर द्यावी. — चिक्कोडी

शेंगांचे टरफल पहिल्या पसंतीचे. दळल्यावर दाणा टिकतो, पाण्यात मऊ पडत नाही, आणि लिटरला पाव किलोच्या आसपास वजन असल्याने पिंपात माल जास्त बसतो. मक्याचे बुरकुंडही चांगले. गुऱ्हाळातले चिपाड फुकट मिळते, पण त्यात साखर उरलेली असते. नीट धुतले नाही तर दोन दिवसांत आंबते. भाताचे तूस खानापूर भागातल्या गिरण्यांत ढिगाने आहे. मात्र त्याच्यावर सिलिकाचा कठीण थर असतो, त्यामुळे कच्चे तूस फार धातू धरत नाही. कोंडा तर नकोच, त्यात तेल आणि पिष्ट असते.

माल कोरडा आणि बुरशी नसलेला घ्या. दळताना तोंडाला मास्क लावा. कुजक्या चिपाडाच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो, त्याला बॅगॅसोसिस असे नावच आहे. पशुखाद्य भरडायच्या गिरणीत जाडसर भरडून घ्या. रव्याच्या चाळणीतून खाली पडेल आणि पिठाच्या चाळणीवर राहील, तेवढाच माल ठेवा. म्हणजे दाणा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर. पीठ झालेला भाग फेकून द्या. प्रयोगशाळेत तो सर्वांत जास्त धातू धरतो, पिंपात मात्र चिखल होऊन पाणी अडवतो.

आता धुलाई. लिटरला 4 ग्रॅम कॉस्टिक सोडा घातलेल्या पाण्यात माल तासभर ढवळा. 1 किलोला 10 लिटर द्रावण लागते. पाणी चहासारखे काळपट होईल, ते टॅनिन आणि सुटे लिग्निन. ते ओतून द्यायच्या आधी आम्लाने सामू 7 करा. मग साध्या पाण्याने धूत राहा, पाणी नितळ येईपर्यंत आणि सामू 7 वर उतरेपर्यंत. पाच-सहा पाणी लागतातच. उन्हात पातळ पसरून वाळवा.

ताकद वाढवायची असेल, तर सायट्रिक आम्लाची प्रक्रिया करा. 1 किलो वाळलेल्या चुऱ्याला 7 लिटर द्रावण, त्यात लिटरला 125 ग्रॅम बाजारी सायट्रिक आम्ल. भिजवून 60 अंशांवर पूर्ण कोरडे करा, मग 120 अंशांवर दीड तास भाजा. या उष्णतेला आम्ल धाग्याशी कायमचे जोडले जाते आणि धातू धरणाऱ्या जागा बऱ्याच वाढतात. 120 च्या खाली जोड होत नाही, आम्ल पुढच्या धुण्यात वाहून जाते. फार वर गेले तर धागा करपतो. बेकरीची भट्टी चालते, पण त्यात थर्मामीटर हवा. शेवटी न चिकटलेले आम्ल गरम पाण्याने धुवा. साध्या उन्हात वाळवून ‘सायट्रिक प्रक्रिया केलेले टरफल’ म्हणून विकणारेही आहेत. तो माल घेऊ नये.

पिंपात तळाला 10 सेंटिमीटर खडी, वर 10 सेंटिमीटर जाड वाळू, त्यावर जाळी आणि मग टरफल. भरण्याआधी चुरा चोवीस तास पाण्यात भिजत घाला. कोरडा भरला, तर आत फुगून घट्ट बसतो आणि पाणी भिंतीच्या कडेने वाट काढते. थराच्या डोक्यावर दुसरी जाळी पक्की बांधा, नाहीतर वर चढणाऱ्या पाण्याबरोबर चुरा तरंगून बाहेर येतो.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपात असे पिंप बसवले. पहिले आठ दिवस ठीक गेले. मग पाणी पिवळे, सोमवारी तर कुजलेल्या अंड्यासारखा वास. आता पाणीही थेंब थेंब येते. — संकेश्वर

तीन वेगळे दोष आहेत. पिवळेपणा म्हणजे टॅनिन. कॉस्टिकची धुलाई झाली नाही किंवा अर्धवट झाली. हा रंग निव्वळ दिसण्याचा प्रश्न नाही, त्याने पाण्याचा सीओडी (सेंद्रिय घाणीचे माप) वाढतो आणि धातू मर्यादेत असूनही नमुना नापास होतो. वास येतो तो रविवारच्या सुटीमुळे. पाणी थरात उभे राहिले, ऑक्सिजन संपला, आणि जिवाणूंनी सल्फेटचे सल्फाइड केले. मेटाबायसल्फाइट वापरणाऱ्यांच्या पाण्यात सल्फेट भरपूर असतेच. शनिवारी काम संपले की पिंप तळाच्या नळातून पूर्ण रिकामे करा आणि झाकण उघडे ठेवा. ते पाणी नाल्यात न सोडता पहिल्या टाकीत घ्या. थेंब थेंब पाणी येते, याला बहुधा चुन्याचा गाळ कारण आहे. टरफलाच्या आधी वाळूची गाळणी नसेल, तर ती बसवा. थरात गाळ अडकलाच असेल, तर दाबाने उलटे पाणी सोडून काही साधत नाही, दाणे फुटतात. माल बदला.

एवढे करूनही सुट्यांचा त्रास होत असेल, तर टरफलाचा कोळसा वापरा. झाकणाच्या लोखंडी पिंपात, हवा न लागू देता, 400 ते 500 अंशांवर भाजलेला. मालाच्या वजनाच्या पंचवीस ते तीसएक टक्के कोळसा मिळतो; तो कुजत नाही, रंग सोडत नाही. मात्र पहिल्या काही दिवसांत त्यातली राख पाण्याचा सामू चढवते आणि धातू गाळ होऊन थरात बसतो, त्यामुळे सुरुवातीचे आकडे फसवे चांगले येतात. सामू उतरेपर्यंत आधी धुऊन घ्या.

प्रश्न : बी.एस्सी.च्या प्रकल्पासाठी 50 मिली पाण्यात (लिटरला 50 मिलिग्रॅम शिसे) 1 ग्रॅम चिपाडाची पूड घातली. 98 टक्के शिसे निघाले. हे घरच्या फिल्टरला वापरता येईल, असा निष्कर्ष लिहू का? — अथणी

लिहू नका. 98 टक्के निघाले, म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम उरले. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक 10500 मधली शिशाची मर्यादा 0.01 मिलिग्रॅम आहे. तुमचे ‘शुद्ध’ पाणी मर्यादेच्या शंभरपट आहे.

दुसरे, टक्केवारीबरोबर मात्रा लिहा. 50 मिलीत 1 ग्रॅम म्हणजे लिटरला 20 ग्रॅम पूड. एवढ्या पुडीत ग्रॅममागे जेमतेम अडीच मिलिग्रॅम शिसे बसले. मात्रा लिटरला 1, 2, 5, 10 ग्रॅम अशी बदलून आलेख काढा, मग चिपाडाची खरी ताकद दिसेल.

तिसरे, पुडीशिवायची एक बाटली तुम्ही ठेवली होती का? सामू 6 च्या वर गेला, की शिसे आपोआप गाळ होऊन बसते, आणि तो गाळही तुमच्या ‘चिपाडाने काढले’ या खात्यात जमा होतो. गाळणकागदही शिसे धरतो, म्हणून गाळलेले पहिले 10 मिली टाकून द्या. सुरुवातीचा आणि शेवटचा, दोन्ही सामू नोंदवा. आणि हाच प्रयोग एकदा अथणीच्या बोअरच्या पाण्यात शिसे घालून करा. काळ्या जमिनीतल्या कडक पाण्यात आकडा किती उतरतो, ते दिसेल. प्रकल्पातला सर्वांत कामाचा भाग तोच ठरेल. शिशाचे उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेच्या कचऱ्यात द्या.

प्रश्न : येळ्ळूरकडे आमचे शेत नाल्याच्या पाण्यावर आहे. मोटरपाशी चिपाडाची गाळणी बसवली, तर भाजीतले धातू कमी होतील का? — एक शेतकरी

एका एकराला 5 सेंटिमीटरची एक पाळी द्यायची, तर 2 लाख लिटर पाणी लागते. वर सांगितलेले पिंप तासाला 240 लिटर देते. एका पाळीला ते चोवीस तास चालवले तरी महिना उलटेल. शेताच्या तोंडाशी हा उपाय बसत नाही. धातू कमी करायचे तर ते जिथून सुटतात, त्या कारखान्याच्या दारातच.

शेतात करण्यासारखे वेगळे आहे. नाल्याच्या पाण्यातले बरेचसे धातू गाळाच्या कणांना चिकटून येतात. पाणी सरळ सरीत न सोडता आधी खड्ड्यात घ्या, एक दिवस निवळू द्या आणि वरचेच पाणी उचला. तळाचा गाळ खत म्हणून शेतात टाकू नका. मातीचा सामू 6.5 ते 7 च्या दरम्यान ठेवा. जमीन आंबट असेल तर चुना द्या, म्हणजे झाड कॅडमियम कमी उचलते. पालक, चुका, मेथी, कोथिंबीर अशा पालेभाज्या सर्वांत जास्त धातू ओढतात, मुळा-गाजरही. फळभाज्या, मका, ऊस त्या मानाने कमी. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेल्या मर्यादा लिटरला कॅडमियम 0.01, क्रोमियम 0.1, निकेल 0.2, तांबे 0.2, जस्त 2 मिलिग्रॅम अशा आहेत. एकदा पाणी आणि माती तपासून आकडे यांच्याशी ताडून बघा. नाल्यात बहुतांश घरगुती सांडपाणी असेल, तर धातूंपेक्षा जंतूंचा धोका मोठा निघण्याचीही शक्यता आहे.

प्रश्न : निपाणीत तंबाखूच्या काड्या फुकट पडतात. त्या वापराव्यात का? काजूच्या टरफलांबद्दलही सांगा. — निपाणी आणि खानापूर, दोन पत्रे

दोन्ही नकोत. तंबाखूचे झाड मातीतले कॅडमियम स्वतःच ओढून घेते, म्हणजे धातू काढायला जो माल घालाल त्यातूनच थोडा धातू यायचा. वर निकोटीन पाण्यात उतरते. ते मासे आणि मधमाश्या दोघांनाही घातक. काजूच्या टरफलात जे तेल असते ते कातडीवर फोड आणते आणि पाण्यात फिनॉलसारखी द्रव्ये सोडते. तेल काढलेल्या टरफलाचा कोळसा करता येतो, पण भट्टीचा धूर झोंबतो आणि तेल पूर्ण गेले का, याची खात्री लहान ठिकाणी करता येत नाही. टरफलं आणि बुरकुंडं मुबलक असलेल्या भागात एवढी उठाठेव कशाला?

प्रश्न : वापरून झालेल्या टरफलाचे काय करावे? गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाळले किंवा शेणखतात मिसळले तर? — हुक्केरी

अजिबात नाही. जाळल्यावर निकेल, क्रोम नाहीसे होत नाहीत, राखेत उतरतात. कॅडमियम आणि शिसे तर काही प्रमाणात धुरातून उडतात, आणि वर कढईत रस उकळतोय! शेणखतात गेले, तर कुजताना सुटणारी आम्ले धातूला मोकळे करतात. जनावरांच्या गोठ्यात अंथरूण म्हणूनही नको.

2016 च्या घातक कचरा नियमांखाली हा माल येतो. निथळवून, उन्हात वाळवून, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. वर तारीख, वजन, धातूचे नाव लिहा. पक्क्या फरशीवर, पावसापासून लांब ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिलेल्या केंद्राकडे पाठवा. चुन्याचा गाळही त्यातच. वाळवल्याने वजन निम्म्याहून कमी होते आणि वाहतुकीचे पैसे वाचतात.

धातू सोडवून टरफल परत वापरता येते. लिटरला साधारण 8 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलेल्या पाण्यात (आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको) एक तास ठेवा, धुवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाने सामू 6 वर आणा. प्रत्येक फेरीत ताकद घटते आणि दाणा झिजतो. तीन-चार फेऱ्यांपलीकडे ताणू नका. सुटलेला धातू आता थोड्या आम्लात दाट झालेला असतो. निकेलचा स्वतंत्र थर असेल, तर चुन्याऐवजी कॉस्टिकने त्यातले निकेल खाली बसवता येते आणि असा गाळ घेणारे अधिकृत पुनर्वापर करणारे असतात. निकेल-क्रोम-जस्त मिसळलेल्या गाळाला कोणी विचारत नाही. पाणी पहिल्यापासून वेगळे ठेवा, असे वर सांगितले त्याला हेही एक कारण आहे.

प्रश्न : खानापूर तालुक्यात आमच्या विहिरीचे पाणी भांड्यांवर तांबूस डाग पाडते. तुसाचा फिल्टर लावू का?

जांभ्या दगडाच्या भागात तांबूस डाग बहुधा लोहाचे. त्याला तूस नको, हवा हवी. पाणी भोकाच्या दोन-तीन पत्र्यांवरून पावसासारखे टाकीत पडू द्या, रात्रभर ठेवा, गंजाचा गाळ बसला की 40 सेंटिमीटर वाळूतून गाळा. वाळूचा वरचा थर महिन्यातून एकदा खरवडून धुवा. घरच्या पिण्याच्या पाण्यात कोणताही कच्चा भुसा घालू नका. जंतूंना ते आयते खाद्य होते. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक यांपैकी काही तपासणीत निघाले, तर ती विहीर पिण्यासाठी बंद करा आणि दुसरा स्रोत किंवा आरओ बघा. आरओतून बाहेर जाणाऱ्या पाण्यात तोच धातू दाट होऊन उतरतो. ते परसातल्या भाजीला घालू नका.

प्रश्न : शेवग्याच्या किंवा निवळीच्या बियांनी जड धातू जातात का? — दोन-तीन पत्रे

गढूळपणा जातो. मातीच्या कणांना चिकटलेला धातू त्यांच्याबरोबर खाली बसतो. विरघळलेल्या धातूवर भरवसा ठेवण्याइतका परिणाम होत नाही.

प्रश्न : आणि बोअरमधले फ्लोराइड?

फ्लोराइड जड धातू नाही आणि ऋणभारित आहे. चिपाड, तूस, टरफल त्याला हात लावत नाहीत. त्यासाठी नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेली तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत किंवा ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना. आर्सेनिकलाही साधा भुसा निरुपयोगी. लोहाचा लेप दिलेला थर लागतो.

प्रश्न : टीडीएस मीटरवर 180 आकडा येतो. म्हणजे धातू नाहीत असे समजावे का? नमुना कसा द्यायचा? — अनेक वाचक

टीडीएस मीटर पाण्यातले एकूण क्षार मोजतो, लिटरला शेकडो मिलिग्रॅमच्या हिशेबात. कॅडमियमची मर्यादा 0.003 मिलिग्रॅम आहे. ती तिप्पट-चौपट ओलांडली, तरी मीटरचा आकडा हलत नाही. उकळल्याने धातू जात नाहीत, उलट पाणी आटून थोडे दाटच होतात.

नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या आणि कोणते धातू तपासायचे ते नावानिशी लिहून द्या. नुसते ‘पाणी तपासा’ म्हटले, तर जडपणा, क्लोराइड आणि जंतू एवढेच बघून अहवाल हातात येतो. 1 लिटरची नवी प्लास्टिक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्या. बोअर पाच-दहा मिनिटे चालू ठेवून मग भरा. घरातल्या जुन्या पितळी नळाचे पाणी हवे असेल, तर उलट सकाळचे पहिले पाणी घ्या, रात्रभर नळात राहिलेले शिसे त्यातच सापडते. धातूंच्या बाटलीत लिटरला दीड मिली शुद्ध नायट्रिक आम्ल लागते, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. हे आम्ल बहुतेक प्रयोगशाळा बाटलीत घालूनच देतात, म्हणून बाटली विसळू नका आणि ओसंडून भरू नका. हेक्झा क्रोमसाठी मात्र वेगळी, आम्ल न घातलेली बाटली लागते. ती बर्फात ठेवून 24 तासांच्या आत पोहोचवा. शुक्रवारी भरून सोमवारी नेलेल्या नमुन्याचा उपयोग नाही.